विटांचा हिशेब कोण मागणार?

आपल्या कामाला वर्षानुवर्षे हातभार लावणारे एक ज्येष्ठ सभासद मला दर नाताळात एकच प्रश्न विचारतात: "ताई, ब्लँकेटे वाटा, दवाखाना चालवा, मुलांना शिकवा. पण अर्ज-तक्रारींच्या भानगडीत मिशनने का पडावे?" ते मनापासून विचारतात आणि देणगीही मनापासून देतात. म्हणून या अंकात उत्तर जरा सविस्तर लिहिते.

घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे जंगल आणि त्यातले पाडे, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीपलीकडे भिवंडी तालुका. तिथल्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येऊन बयाणा देतो. लग्न, आजारपण, कौलांची डागडुजी, सगळे त्या पैशावर होते. मग नवरा-बायको जोडीने भट्टीवर जातात, मुलेही बरोबर. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण हातात पडते ती आठवड्याची खर्ची. हिशेब हंगामाच्या शेवटी, आणि वही मालकाकडे. पावसाने कच्च्या विटा भिजल्या तर त्या कोणाच्या खात्यावर, हे वहीच ठरवते. बयाणा फिटत नाही. उरलेली रक्कम पुढच्या हंगामाला चिकटते, आणि मधेच दुसरीकडे जायचे म्हटले तर जाऊ देत नाहीत.

याला कायद्यात नाव आहे: वेठबिगारी. ती १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये वटहुकूमाने आणि १९७६ च्या कायद्याने बंद झाली. कायद्याने वेठबिगाराचे कर्जच रद्द केले, त्याची परतफेड स्वीकारणेसुद्धा गुन्हा ठरवला. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. मजुराने हे वेठबिगारीचे कर्ज आहे असे म्हटले, की तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. निरक्षर माणसाने कागद आणायचे नाहीत; वही ज्याच्याकडे आहे त्यानेच हिशेब दाखवायचा. १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. साखळदंड दिसायलाच हवेत असे नाही.

मग अडते कुठे? तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करावी लागते. ते चौकशी करून मुक्ततेचा दाखला देतात. त्या दाखल्यावर सगळे अवलंबून असते. २०१६ च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख आणि अतिशय गंभीर प्रकरणी ३ लाख रुपये पुनर्वसनासाठी ठेवले आहेत. पण तातडीची छोटी रक्कम सोडली तर बाकीचे पैसे मालक दोषी ठरण्याशी जोडलेले आहेत. खटला रेंगाळला की कुटुंब पुन्हा भुकेले, आणि भुकेल्या घरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बयाणा येतो. ब्लँकेट दिल्याने थंडी जाते, वही तशीच राहते. म्हणून अर्ज.

शास्त्रात हे विषय परके नाहीत. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारो इस्राएल लोकांचा पेंढा बंद करतो, पण विटांची संख्या तीच ठेवतो. मोशे त्या वेळी धान्य वाटायला जात नाही, तो थेट दरबारात जातो. (आणि पहिला परिणाम वाईटच होतो, लोक मोशेवरच चिडतात. भट्टीवर काम करणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.) मजुराची मजुरी रात्रभरही अडवून ठेवू नये, हा लेवीय १९ मधला नियम आहे. याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. नीतिसूत्रे ३१ मध्ये राजाची आई मुलाला सांगते, की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू बोल. आपल्याकडे त्या अध्यायाचा दुसरा भाग, सद्गुणी स्त्रीचा, प्रत्येक महिला मेळाव्यात वाचतात. आठवे आणि नववे वचन फारसे कोणी वाचत नाही.

आपल्या मातीतही उदाहरणे आहेत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. तिथल्या प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविषयी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्राला लिहिले. सरकार ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे, आश्रमाला मदत करणारेही बरेचसे इंग्रज व अमेरिकन. गप्प राहणे सोयीचे होते. सरकारने आरोप झटकून टाकले, तरी पत्र लिहिले गेले आणि विलायतेत त्याची चर्चा झाली. घोडबंदरच्या पुलापलीकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'साठी उभे राहिले, तेही गुंडगिरी ऐन भरात असताना.

मात्र एक कबूल केले पाहिजे: वेठबिगारांसाठी वसई तालुक्यात पहिल्यांदा ठामपणे उभी राहिली ती मंडळी नव्हे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी आदिवासी मजुरांना संघटित केले, त्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक पुढे निघून गेला होता, हे आठवते.

"बोललो तर धर्मांतराचा आरोप होईल" ही भीतीही ऐकते. भीती खोटी नाही. म्हणून आम्ही काही शिस्त पाळतो. अर्ज मजुराच्याच नावाने, त्याच्या शब्दांत, त्याला वाचून दाखवून. अर्जात मिशनचे नाव नाही. कातकरी कुटुंबाने तक्रार करायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचे, कारण उद्या भट्टीवर त्यांना राहायचे आहे, आम्हाला नाही. कित्येकदा ते 'नको' म्हणतात. तेव्हा कागद मिटतो आणि चहा होतो.

दिवाळीनंतर भट्ट्या पेटतील. त्याआधी, बयाणा वाटला जात असताना, पाड्यांवर घरटी एक साधी वही द्यायची आहे: तारीख, खर्ची, विटा, एवढेच रकाने. लिहायला येणारे मूल घरात असेल तर ते लिहील, नसेल तर रेघा ओढायच्या, हजाराला एक. वह्यांचे पैसे जमले आहेत. शनिवारी दुपारी पाड्यावर येऊन रकाने समजावतील अशी चार माणसे हवी आहेत. मराठी हस्ताक्षर सुवाच्य असावे, आणि घाई नसावी.