ऑपरेशननंतर पीएसए काय सांगतं?

तुकडोजी महाराज १९६८च्या ऑक्टोबरात गुरुकुंज मोझरीत कर्करोगानं गेले. त्यांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आज नागपुरात आहे. अमरावतीहून तिकडे जाताना वाटेत मोझरी लागतेच. कर्करोगामुळे प्रोस्टेट ग्रंथी काढलेला माणूस तिथे फेरतपासणीला निघतो, तेव्हा त्याचा जीव रिपोर्टातल्या एकाच ओळीत अडकलेला असतो: पीएसए. महाराजांच्या काळात ही रक्ततपासणी नव्हतीच.

पीएसए हे प्रथिन मुख्यतः प्रोस्टेटच्या पेशी बनवतात. ग्रंथीच काढली, की दोनेक महिन्यांत ते रक्तात जवळपास सापडू नये. पुढे मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम किंवा जास्त, तेही लागोपाठ दोनदा आलं, तर रोग परतल्याचं धरतात. एका रिपोर्टावर हाय खाऊ नये.

रोग परतेल का, याचा अंदाज मात्र काढलेल्या ग्रंथीवरूनही बांधता येतो. पेशी किती बिघडल्या हे सांगणारा ग्लीसन स्कोअर, कापलेल्या कडेवर कर्करोग दिसतो का, शुक्राशयात किंवा लसीकाग्रंथींत तो शिरला का, हे पाहतात. नंतर पीएसए किती महिन्यांत दुप्पट होतं, तेही मोलाचं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या १९९९च्या अभ्यासात पीएसए वाढल्यापासून रोग दूर पसरेपर्यंतचा मध्यक काळ आठ वर्षांचा निघाला, तोही मधे हार्मोनचे उपचार न देता.