पाठीच्या कण्याला मार लागल्यास
आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलणे, ही आपली मदतीची रीत घातक ठरू शकते. मणका मोडला तरी आतील मज्जारज्जू शाबूत असू शकतो. पाठ वाकली की तोही चेपतो. श्वास चालू असेल तर रुग्णाला हलवू नका. डोके व मान आहे तशीच स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शस्त्रक्रियेने मणके स्थिर होतात, रज्जूवरील दाब हटतो. तुटलेला रज्जू मात्र सांधता येत नाही. जाहिरातींतील उपायांवर पैसे घालवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. पुढील खरी कसोटी घरातच असते. संवेदना गेलेल्या भागाला शय्याव्रणाची वेदना कळत नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी. टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा आपण रोज डोळ्यांनी तपासावी.