मुचलक्याचे जुने दप्तर

२१ जून २०२४ रोजी, कौटुंबिक हिंसाचारापायी ज्याच्यावर मनाईहुकूम बजावला गेला आहे अशा इसमास शस्त्र बाळगण्यापासून रोखता येते, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी दिला खरा. परंतु कोणाही सुज्ञ गृहस्थास विनातक्रार पटावी अशी ही गोष्ट सिद्ध करण्यासाठी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांना अठराव्या शतकातील मुचलक्यांचे दप्तर धुंडाळावे लागले.

हा खटाटोप त्याच न्यायालयाने ओढवून घेतलेला आहे. परवान्यासाठी खास कारण मागणारी न्यूयॉर्कच्या कायद्यातील अट २०२२ मध्ये रद्द करताना न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी असा दंडक घातला की, शस्त्रांवरील आजचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजेत. आणि तेव्हापासून इंग्लंडच्या १३२८ च्या नॉर्थॅम्प्टनच्या कायद्यापर्यंतची जीर्ण कागदपत्रे वकिलांच्या बगलेत दिसू लागली. मिसिसिपीचे जिल्हा न्यायाधीश कार्लटन रीव्ह्ज यांनी तर, आम्ही इतिहासकार नाही, तेव्हा एखादा इतिहासज्ञच नेमावा काय, अशी पृच्छा पक्षकारांकडे केली. तिच्यातला उपरोध मला फार मार्मिक वाटतो.

मुचलक्याची ती पद्धत मोठी मनोवेधक होती. अमक्यापासून आपणास धोका आहे अशी फिर्याद झाली, की दंडाधिकारी त्याच्याकडून शांततेचा जामीन घेई. इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टनच्या म्हणण्याप्रमाणे पत्नीलाही पतीविरुद्ध तो मागता येई, म्हणजे जिला मताधिकार नव्हता तिला निदान एवढा आसरा होता. एकट्या थॉमस यांनी भिन्न मत नोंदवताना बोट ठेवले ते नेमके येथेच: जामीन देणाऱ्याची बंदूक त्याच्यापाशीच राही. त्यांचाच दंडक प्रमाण मानला तर हा आक्षेप बिनतोड आहे, आणि त्यामुळेच तो दंडक मला अधिक संशयास्पद वाटतो. राळेत गोठलेला कायदा आम्हांस अभिप्रेत नव्हता, असे रॉबर्ट्स या निवाड्यात म्हणतात; मग आधार शोधायला ते पुन्हा त्याच राळेपाशी का गेले?

विशेष हे की, ज्या सप्टेंबर १७८९ मध्ये शस्त्राधिकाराची घटनादुरुस्ती काँग्रेसने संमत करून राज्यांकडे धाडली, त्याच महिन्यात जेफर्सन पॅरिसहून मॅडिसनना लिहीत होता की, पृथ्वी जिवंतांच्या उपभोगासाठी आहे, सबब प्रत्येक घटनेची मुदत १९ वर्षांनी संपावी. मॅडिसनना ते व्यवहार्य वाटले नाही. जेफर्सनचा तोच विचार डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आपल्या घटनासमितीपुढे गौरवाने मांडला. आणि त्याआधी वर्षभर, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा ही ह. वि. कामथांची सूचना समितीने फेटाळली होती.

अमेरिकेत मात्र घटनादुरुस्तीस ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. शस्त्राधिकाराची दुरुस्तीच रद्द करा, असे निवृत्त न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, उघडपणे लिहिले, पण ती जागची हलली नाही. आणि कनिष्ठ न्यायालये या निवाड्यानंतरही पुन्हा दप्तरखान्याची वाट धरतील.