जोसेफ डुव्हीन
जोसेफ डुव्हीन (१४ ऑक्टोबर, १८६९ – २५ मे, १९३९) हे ब्रिटिश कलाविक्रेते होते. युरोपातील सरदार घराण्यांकडील चित्रे घेऊन ती अमेरिकी धनिकांना विकणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यक्तिचित्रांना त्यात विशेष स्थान होते. थॉमस गेन्सबरो यांचे ‘द ब्ल्यू बॉय’ हे चित्र त्यांनी १९२१ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूककडून घेऊन कॅलिफोर्नियातील उद्योजक हेन्री हंटिंग्टन यांना विकले. ते देशाबाहेर जाण्यापूर्वी, जानेवारी १९२२ मध्ये, लंडनच्या नॅशनल गॅलरीत सुमारे ९०,००० लोकांनी त्याचे दर्शन घेतले. राष्ट्रीय वारसा गमावल्याची खंत तेव्हा व्यक्त झाली. मात्र लंडनच्याच नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचा १९३३ मध्ये खुला झालेला विस्तार डुव्हीन यांच्या देणगीतून उभा राहिला. ‘द ब्ल्यू बॉय’ शंभर वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, प्रदर्शनापुरते नॅशनल गॅलरीत परतले.