ग्रिप हातासाठी, जादा बॅटरी वेळेसाठी

कॅमेऱ्याच्या खाली उभी ग्रिप दिसली की फोटोग्राफर मोठा, ही समजूत लग्नाच्या हॉलमध्ये आजही पक्की आहे. म्हणून नवशिका फोटोग्राफर पहिल्या दोन-चार कामांचे पैसे हातात आले की आधी ग्रिप घेतो. बॅटरी मात्र बॉडीच्या डब्यातून आलेली तेवढी एकच असते. माझ्या मते हा क्रम साफ उलटा आहे. ग्रिप वाईट आहे असं मुळीच नाही, पण ती नेमकं काय करते आणि काय करत नाही, याबद्दल बरंच काही चुकीचं सांगितलं जातं. बॅटऱ्यांबद्दल तर त्याहून जास्त.

‘ग्रिप लावली की बॅटरी दुप्पट चालते’

ग्रिपमध्ये स्वतःची वीज नसते. ती फक्त बॅटऱ्या ठेवायची जागा वाढवते. कॅननच्या ५डी मार्क ४ सारख्या बॉडीला ग्रिप लावताना बॅटरीच्या कप्प्याचं झाकण बिजागरीपासून काढावं लागतं, ग्रिपचा वर आलेला दांडा त्या रिकाम्या कप्प्यात जातो आणि बॅटऱ्या खाली ग्रिपच्या ट्रेमध्ये बसतात. निकॉनच्या डी८५० मध्ये रचना वेगळी आहे. तिथे एक बॅटरी बॉडीतच राहते, दुसरी ग्रिपमध्ये जाते, आणि आधी कुठली वापरायची हे मेनूमध्ये ठरवता येतं.

दोन्हीकडे हिशेब एकच. ग्रिप लावून वापरलेल्या दोन बॅटऱ्या जेवढी वीज देतात, तेवढीच बॉडीतली एक आणि खिशातली एक मिळून देतात. फरक पडतो तो बदलण्यात. बॅटरी बदलायला काही सेकंद लागतात आणि ऐन मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीला तेवढे सेकंदसुद्धा जड जातात. टाइमलॅप्स चालू असेल किंवा लांबलचक व्हिडिओ घ्यायचा असेल, तर मध्ये कॅमेरा बंद न पडणं हा खरा फायदा आहे. बाकी वेळी ग्रिपच्या पैशांत दोन-तीन चांगल्या बॅटऱ्या आल्या, तर जास्त काम होतं.

‘ग्रिपमुळे वेग वाढतो’

ही समजूत आकाशातून पडलेली नाही. फिल्मच्या काळात ती पूर्ण खरी होती. १९८० मध्ये आलेल्या निकॉन एफ३ मध्ये एकेक फ्रेम अंगठ्याने लीव्हर ओढून पुढे न्यावी लागे. खाली एमडी-४ ही मोटरड्राइव्ह जोडली, तिच्यात आठ पेन्सिल सेल भरले, की मोटर फिल्म ओढायची आणि सेकंदाला अनेक फ्रेम मिळायच्या. वेग सगळा त्या खालच्या भागात होता.

डिजिटलमध्येही काही बॉडींनी ही परंपरा चालवली. निकॉन डी७०० एकटी सेकंदाला ५ फ्रेम काढते. एमबी-डी१० ग्रिप आणि योग्य बॅटरी लावली की ८. डी८५० चं तेच: ७ वरून ९. पण ‘योग्य बॅटरी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. डी८५० च्या ग्रिपमध्ये बॉडीचीच ईएन-ईएल१५ घातली, तर वेग ७ वरच राहतो. ९ हवे असतील तर ईएन-ईएल१८ जातीची मोठी बॅटरी लागते, जिचा व्होल्टेज १०.८ आहे. ईएन-ईएल१५ चा व्होल्टेज ७ च्या आसपास. आरसा वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला जास्त व्होल्टेज मिळाला की ती जास्त वेगाने पळते, इतकं साधं कारण आहे. त्यामुळे नुसती ग्रिप घेऊन आलेला माणूस निराश होतो आणि दोष ग्रिपला देतो.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने हा हिशेब बहुतेक ठिकाणी संपला. तिथे वेगाची हद्द सेन्सर, प्रोसेसर आणि शटर ठरवतात. उलट तिथे बॅटरीमुळे वेग कमी होऊ शकतो. कॅननच्या आर५ आणि आर६ मध्ये चार्ज बराच उतरला, थंडी असली किंवा जुन्या आवृत्तीची बॅटरी घातली, की मेकॅनिकल शटरचा सर्वोच्च वेग मिळत नाही. अशा वेळी ग्रिप नव्हे, ताजी बॅटरी कामाला येते.

मग ग्रिप घ्यायचीच कशाला?

हातासाठी. उभी फ्रेम घेताना साध्या बॉडीत उजवा कोपर हवेत वर जातो, मनगट वळतं आणि सगळं वजन डाव्या तळहातावर येतं. नवरा-नवरीचे पूर्ण उंचीचे फोटो, स्टेजवरची भेटायला आलेली मंडळी, रॅम्पवरचं मॉडेल, देवळाचं शिखर, हे सगळं उभं असतं. चार तास असं काम केलं की खांदा बोलायला लागतो. ग्रिपवर दुसरं शटर बटन, डायल आणि फोकसचं बटन असतं, त्यामुळे कोपर अंगाशी राहतो आणि कॅमेरा कमी हलतो. ७०-२०० सारखी जड लेन्स लावली असेल तर खालचं वजन तोल सांभाळतं. करंगळी हवेत लोंबकळत राहणाऱ्या छोट्या मिररलेस बॉडीवर तर हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

म्हणून ग्रिप घेताना बॅटऱ्या किती मावतात हे नंतर बघा, बटनं कुठे आहेत ते आधी बघा. सगळ्या ग्रिपना बटनं असतात असंही नाही. निकॉनने पहिल्या झेड६ आणि झेड७ साठी काढलेल्या एमबी-एन१० वर शटर बटनच नाही, ती फक्त बॅटऱ्यांची जागा आहे. पुढच्या आवृत्तीच्या एमबी-एन११ वर ते आलं. ज्याला उभ्या फ्रेमसाठी ग्रिप हवी होती, त्याला पहिलीचा काही उपयोग नव्हता.

तोटेही मोकळेपणाने सांगायला हवेत. ट्रायपॉडवर कॅमेरा उंच जातो आणि तळाच्या एका स्क्रूवर जोडलेल्या ग्रिपमध्ये थोडी लवचीकता राहतेच, त्यामुळे सावकाश एक्स्पोजरला ग्रिप काढलेली बरी. तो गोल स्क्रू दिवसभरात सैल होतो. कॅमेरा मध्येच मेल्यासारखा झाला, तर बॅटरीवर संशय घेण्याआधी तो स्क्रू पिळून बघा. आणि बॉडीचं काढलेलं झाकण किंवा तळाची रबरी टोपी खिशात टाकू नका. ती अडकवून ठेवायला बऱ्याच ग्रिपमध्येच खाच दिलेली असते. ती हरवली की ग्रिप काढल्या दिवसापासून आत धूळ जायला वाट मोकळी.

‘कंपनी ३०० फोटो म्हणते, म्हणजे ३०० च निघणार’

हा आकडा ज्या चाचणीतून येतो ती सीपा या जपानी संघटनेची. २३ अंश तापमान, दर ३० सेकंदांना एक फोटो, दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद-चालू, आणि बॉडीत फ्लॅश असेल तर एकाआड एक फोटोला फ्लॅश. असं कोणी काम करत नाही. पण सगळ्या कॅमेऱ्यांना एकच मोजपट्टी लावल्यामुळे तुलनेला ती उत्तम आहे.

निकॉन डी८५० चा आकडा १८४०. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, जवळपास त्याच बॅटरीवर चालणारा झेड७ आला आणि त्याचा आकडा ३३०. बॅटरीची ताकद दोन्हीकडे सारखी. बदललं ते इतकंच, की आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा काचेतून बघतो आणि सेन्सर झोपलेला असतो. मिररलेसमध्ये फोटो काढा किंवा नका काढू, सेन्सर आणि छोटा पडदा सतत जागे असतात.

यातून कामाचं सूत्र निघतं: मिररलेसची बॅटरी फोटोंवर कमी, वेळेवर जास्त खर्च होते. ३३० फोटो, दर अर्ध्या मिनिटाला एक, म्हणजे पावणेतीन तास. पक्ष्याच्या एका झेपेत तीस फ्रेम ओढल्या तर बॅटरीला त्याचं फार वाटत नाही, त्यामुळे पक्षीवाल्यांना एका बॅटरीत हजारावर फोटो मिळतात. आणि अक्षता हातात घेऊन सगळे मुहूर्ताची वाट बघत उभे असताना डोळ्याला लावून ठेवलेला कॅमेरा एकही फोटो न काढता बॅटरी खातो. आपोआप झोपायची वेळ कमी करा, फोन जोडलेला असेल तर तो तोडा, प्रत्येक फोटो पडद्यावर उमटणं बंद करा. एका बॅटरीइतका फायदा नुसत्या सेटिंगमध्ये दडलेला असतो.

‘नवी बॅटरी बारा तास चार्ज करा, मग पूर्ण उतरवा’

निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली ही शिकवण लिथियम-आयन बॅटरीला लावली की नुकसान होतं. या बॅटरीला ‘स्मृती’ नसते. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या बॅटरीत दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकी ४.२ व्होल्टपर्यंत भरतात, म्हणून चार्जरवर ८.४ व्होल्ट छापलेलं दिसतं. तिथे पोहोचलं की चार्जर स्वतः थांबतो. मुद्दाम तळापर्यंत उतरवणं तिला मारक आहे. अर्ध्यावर चार्जिंगला लावा, काही बिघडत नाही. महिनोनमहिने वापरायची नसेल तर पूर्ण भरूनही ठेवू नका आणि रिकामीही ठेवू नका. साधारण निम्मा चार्ज आणि थंड, कोरडी जागा.

खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात ताडोब्याच्या उघड्या जिप्सीत काळ्या बॅगेत पडलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या दर फेरीला थोडं थोडं आयुष्य गमावतात आणि ते परत येत नाही. थंडीचं उलट आहे. हिमबिबट्यासाठी फेब्रुवारीत स्पितीतल्या किब्बरला गेलात, तर उणे तापमानात बॅटरी धडाधड उतरलेली दाखवते. पण ती मेलेली नसते, आतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. जाकिटाच्या आतल्या खिशात ऊब मिळाली की बराचसा चार्ज परत दिसतो. अशा ठिकाणी ग्रिपमध्ये दोन्ही बॅटऱ्या गारठवण्यापेक्षा एक कॅमेऱ्यात, एक अंगाशी, आणि आलटून पालटून वापरणं शहाणपणाचं. गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला मात्र लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास सेलमध्ये लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान कायमचं असतं.

‘बाहेरच्या कंपनीची बॅटरी म्हणजे कचरा’ आणि ‘सगळ्या बॅटऱ्या सारख्याच’

दोन्ही चूक. नावाजलेल्या इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं नीट चालतात. पण लेबलवरच्या आकड्याला भुलू नका. कॅननची एलपी-ई६एनएच २१३० एमएएच देते, सोनीची एनपी-एफझेड१०० २२८० देते. तेवढ्याच खोक्यात, निम्म्या किमतीत, कोणी तीन हजार देतो म्हणाला, तर तो आकडा छापखान्यातला आहे. मूळ बॅटरीच्या शेजारी हातात घेऊन बघा. ती हलकी लागली तर आत कमी माल आहे. शिवाय प्रत्येक बॅटरीत कॅमेऱ्याशी बोलणारी चिप असते. ती नीट नसेल तर टक्केवारी दिसत नाही, किंवा चाळीस टक्के दाखवता दाखवता कॅमेरा बंद पडतो.

मूळ कंपनीच्या बॅटऱ्यांतही पिढ्या आहेत. निकॉन झेड६ मध्ये यूएसबीने ईएन-ईएल१५बी चार्ज होते, दिसायला हुबेहूब तशीच असलेली ईएन-ईएल१५ए होत नाही. बॅटरी घेताना शेवटचं अक्षर वाचा.

प्रत्येक बॅटरीवर मार्करने क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहा. निकॉनच्या मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. कॅननमध्ये तीन हिरव्या खुणा म्हणजे ठणठणीत, एकच लाल खूण म्हणजे नवी घ्या. ग्रिपमध्ये जोडी ठेवायची तर एकाच मेकची, एकाच वयाची. आणि कॅननच्या एलपी-ई६ सोबत येणारी प्लास्टिकची टोपी फेकू नका. तिला बॅटरीच्या आकाराची एक छोटी खिडकी असते. टोपी एका बाजूने बसवली की खिडकीतून निळा रंग दिसतो, फिरवून बसवली की दिसत नाही. निळी म्हणजे भरलेली, असं एकदा ठरवून घ्या, म्हणजे बॅगेत हात घातल्या घातल्या भरलेली कुठली ते कळतं. ती टोपी धातूच्या टोकांवर किल्ल्या-नाणी लागून शॉर्ट होण्यापासूनही वाचवते.

विमानात

जादा बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात, आणि प्रत्येकीची टोकं झाकलेली हवीत. मर्यादा वॉट-तासांत मोजतात: व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचं. ७.२ गुणिले २.२८ म्हणजे १६.४. विमान कंपनीची खास परवानगी १०० वॉट-तासांच्या वर लागते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या नेहमीच्या बॅटरीला काहीच अडचण नाही. व्हिडिओच्या मोठ्या बॅटऱ्या नेणाऱ्यांनी मात्र लेबल वाचावं.

‘थोडी फुगली आहे, पण चालते’

फुगलेल्या बॅटरीच्या सेलमध्ये वायू साठलेला असतो. ती ग्रिपच्या ट्रेमध्ये एकदा गच्च बसली की निघत नाही, आणि स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला गेलात तर भोक पडून पेट घेऊ शकते. ट्रेमध्ये जाताना किंचितही अडली, तर तिथेच तिचा वापर थांबवा. टोकांना चिकटपट्टी लावा, घरच्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावर नेऊन द्या.