राजीची गोष्ट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

व्हिडिओ गेम म्हटलं की जपान आठवतो. तिथली निन्टेंडो ही कंपनी १८८९ मध्ये क्योटो शहरात सुरू झाली, ती फुलापानांची चित्रं असलेले पत्ते बनवण्यासाठी. पुढं ती इलेक्ट्रॉनिक खेळांकडं वळली आणि जगभर पोचली. याच कंपनीच्या ‘स्विच’ या यंत्रावर १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ नावाचा खेळ आला. तो तयार झाला होता आपल्या पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीत.

राजी ही खेळ करून दाखवणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गेनं दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधायला निघते. तिच्या वाटेवर राजस्थानी धाटणीचे महाल आहेत, पहाडी शैलीतली चित्रं आहेत. गोष्टीचा काही भाग सावल्यांच्या बाहुल्यांमधून उलगडतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे परकं वाटणार नाही.

यात एवढं नवल काय? ते कळायला या धंद्याची रीत पाहावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या परदेशी खेळांची फुटकळ कामं करत आल्या. तिकडून यादी येते: अमुक गाड्या, तमुक झाडं, इतक्या भिंती. इथले चित्रकार त्या संगणकावर उभ्या करतात. कामाचा मोबदला मिळतो, पण खेळावर हक्क त्यांचा आणि नावही त्यांचं. घर चालतं, मात्र स्वतःची गोष्ट सांगायची राहून जाते.

स्वतःचे खेळ करणारेही होते. मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंदल यांनी इंडियागेम्स सुरू केली. मोबाइलवरच्या खेळांत तिनं चांगला जम बसवला. पण २००५ मध्ये तिचा मोठा हिस्सा टॉम ऑनलाइन या चिनी कंपनीकडं गेला. मग यूटीव्ही आली, त्यानंतर डिस्ने, आणि मूळ नाव मागं पडलं.

नॉडिंग हेड्सची वाट आणखी खडतर होती. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी ती उभी केली. खेळ पुरा व्हायला काही वर्षं लागतात. तोवर उत्पन्न नाही, पण चित्रकार, प्रोग्रॅमर, संगीतकार यांचे पगार द्यायचेच. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. तिथला नियम असा, की ठरवलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर एक पैसाही हाती येत नाही. रक्कम जमली नाही. तरी काम थांबलं नाही. एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीचं अनुदान मिळालं, पुढं प्रकाशक मिळाला. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या पदार्पणाच्या खेळांत ‘राजी’ला नामांकन होतं. बक्षीस दुसऱ्याला गेलं, पण पुण्याचं नाव जगानं वाचलं.

भातसेकाठच्या आमच्या सापगावात संध्याकाळी पोरं मोबाइलवर डोकं घालून बसलेली दिसतात. त्यांच्या हातातले बहुतेक खेळ परदेशी. ‘राजी’ आधी आला तो महागड्या यंत्रांवर आणि संगणकावर. मोबाइलवर तो नेटफ्लिक्सनं २०२३ मध्ये आणला, तोही वर्गणीदारांपुरता. आपल्या मातीतला खेळ आपल्याच पोरांपर्यंत सगळ्यांत उशिरा पोचला.

पोरांना आपण ‘मोबाइल ठेव’ म्हणतो, ते बरोबरच आहे. पण वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणाऱ्या पोराला हेही सांगायला हवं, की हा खेळ कुणीतरी काढलेला आहे, लिहिलेला आहे, आणि ते काम शिकता येतं. राज्य सरकारनं २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. त्यातून दुसऱ्यांच्या भिंती रंगवणारे हातच वाढले, तर रोजगार मिळेल आणि तोही हवाच. पण त्यातला थोडा पैसा पहिल्या दोन-तीन वर्षांच्या उपाशी काळात अशा छोट्या कंपन्यांना मिळाला, तर पुढच्या राजीला वर्गणीसाठी परक्या दारात उभं राहावं लागणार नाही.