दिल्लीच्या कोरड्या हवेत अडकते पाळीव सापाची कात. ओढून काढणे धोक्याचे

नवी दिल्ली : ‘कात टाकणे’ हा मराठीत नवेपणाचा वाक्प्रचार असला, तरी राजधानी परिसरातील घरात पाळलेल्या सापासाठी ती प्रक्रिया कसोटीची ठरू शकते. मे-जूनमध्ये दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली उतरते. त्यातच वातानुकूलन यंत्र खोलीतील उरलासुरला ओलावा काढून घेते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील मूळचा बॉल पायथन हा जगभर पाळला जाणारा साप. त्याला मात्र साधारण ५० ते ६० टक्के आणि कात टाकताना त्याहून काहीशी अधिक आर्द्रता लागते.

जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार झाली, की दोहोंच्या मध्ये द्रव साचतो आणि जुना थर सुटू लागतो. या काळात सापाचा रंग फिका पडतो, डोळे निळसर-धुरकट होतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ दिसतात आणि त्यानंतर साप नाक खडबडीत वस्तूवर घासून कात मोकळी करतो. निरोगी सापाची कात बहुधा मोजा उलटा करावा तशी सलग निघते. हवा कोरडी असेल किंवा शरीरात पाणी कमी पडले असेल, तर ती सुकून चिकटते आणि तुकड्यांनी निघते.

अशी कात हाताने सोलणे हा उपाय नव्हे. खालची कोवळी त्वचा त्याबरोबर फाटते. सर्वाधिक धोका डोळ्यांना असतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे आवरण असते आणि तेही कातीबरोबर निघायला हवे. अडकलेले आवरण चिमट्याने काढण्याच्या प्रयत्नात डोळा कायमचा निकामी होऊ शकतो. शेपटीच्या टोकाला राहिलेले कातीचे कडे आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडते आणि टोक कुजते. म्हणून निघालेली कात फेकण्याआधी उलगडून, दोन्ही डोळ्यांची आवरणे आणि शेपटीचे टोक त्यात आहे ना, हे पाहावे.

पेटीत ओलसर स्फॅग्नम शेवाळ भरलेला, एका बाजूला भोक पाडलेला झाकणाचा डबा ठेवणे हा सोपा उपाय आहे. साप गरजेनुसार त्यात जाऊन बसतो. जाळीच्या झाकणाचा काही भाग झाकावा, पाण्याचे भांडे मोठे ठेवावे आणि आर्द्रता अंदाजाने नव्हे, डिजिटल मापकावर पाहावी. नुसत्या फवाऱ्याचा ओलावा थोड्याच वेळात उडून जातो. कात अडकलीच, तर कोमट, उथळ पाण्यात २०-३० मिनिटे देखरेखीखाली ठेवून सापाला ओल्या टॉवेलमधून सरकू द्यावे. त्यानंतरही डोळ्यावरचे आवरण राहिले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकांना दाखवावे. आर्द्रता योग्य असूनही कात वारंवार अडकत असेल, तर गोचिडीसारखे परजीवी, संसर्ग किंवा कुपोषण ही कारणे तपासावी लागतात.

कायद्याचा प्रश्नही आहेच. नाग, धामण, मांडूळ, अजगर यांसारखे भारतीय साप वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथन ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून, २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची माहिती ‘परिवेश २.०’ पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक आहे. नोंदणी नसलेला मालक दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकण्याची शक्यता असते आणि त्याची किंमत साप मोजतो.

हिवाळ्यात बाहेर दाट धुके असले, तरी हीटरमुळे खोलीची हवा पुन्हा कोरडी होते. जूनच्या अखेरीस मोसमी पाऊस पोहोचला, की चित्र उलटते. सतत ओल्या राहिलेल्या पेटीत पोटाकडचे खवले कुजू लागतात. तेव्हा मापक पाहून ओले शेवाळ कमी करावे आणि हवा खेळती ठेवावी.